ओल्या फुलांची बिअर

जालना,
शनिवार, ११ जानेवारी २०२५

संघपाल,

तुझ्या वेलींना फुलं आलीत.

चार-दोन न्हाईत. साठ लावल्या होत्या, त्रेपन्न जिवंत आहेत. सोळा फुटांवरच्या तारेला पोचून त्या आता वरून खाली झुकल्यात आणि प्रत्येकीवर घोसच्या घोस लटकून राह्यलेत. मी खाली उभा राहून मान दुखेस्तोवर बघत होतो. आपण हिमाचलातल्या लाहौलहून ओल्या पोत्यात गुंडाळून हॉप्सच्या मुळ्या आणल्या, तेव्हा सगळे हसले होते. बिअरला कडवटपणा आणि वास देणारं फूल ते, बर्फाच्या मुलखातलं. ते घनसावंगी तालुक्यात कुठं जगणार? तू एकटा म्हणाला होतास, तिसऱ्या वर्षी बघा. हे तिसरं वर्ष. तू बराबर होतास.

मी सहज गेल्तो कुंभार पिंपळगावला. त्या बाजूला काम होतं, म्हटलं तुझ्या आईला भेटून यावं. मावशीची तब्येत एकदम मस्त. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं सुईत दोरा ओवते आणि ओवला की मला दाखवते. मी धरून चाललो होतो की तू गेल्यापासून शेडनेटखाली कुणी पाऊल ठेवलं नसंल. तर तू शिकवलेलं एकही काम तिनं चुकवलेलं न्हाई. वेलींना दिवस मोठा वाटावा म्हणून तू जे दिवे टांगले होते, ते ती रोज दिवेलागणीला लावते आणि निजायच्या आधी बंद करते. लाइट गेली तर बॅटरीवर. गावात म्हणतात, बेबीनंदाबाईनं वेलींना दहावीच्या अभ्यासाला बसवलंय.

मी विचारलं, "मावशी, संघपालनं सांगितलं होतं का एवढं करायला?"

"त्यानं कशाला सांगावं? लावलेलं झाड मरू द्यायचं आस्तंय का?"

आता मुद्द्याचं. ही फुलं वाळवायची न्हाईत. तोडल्या दिवशी, ओली असतानाच बिअर उकळायच्या केटलमध्ये घालायची. तूच म्हणायचास, वाळलेले हॉप्स म्हणजे पुडीतला मसाला आणि ओले म्हणजे पाट्यावरचं वाटण. तसली बिअर आपल्याकडं अजून कुणी चाखलेली न्हाई. मी ती काढणार. माल्टचं धान्य आहे, केटल मोकळी करता येईल, नेहल तयार आहे. ब्रुअरी झकास चालून राह्यली. तू भागीदारी सोडून गेल्यावर लोक म्हणाले होते, पारस एकटा टिकायचा न्हाई. टिकलो. तीच आपली गव्हाची बिअर, तीच चव. लोक तीच मागतात, त्यामुळं दीड वर्षात नवीन काही काढायची गरजच पडली न्हाई.

एकच अडचण आहे. मावशी फुलाला हात लावू देईना. म्हणते, "वेली संघपालच्या हायेत. त्याला इचार. फोन उचलत नसंल तर कागदावर इचार. कागद तो वाचतो." पत्ता तिनंच दिला. तू गोव्यात एवढ्या मोठ्या कंपनीच्या लॅबमध्ये आहेस, हे मला माहीतच नव्हतं. छान झालं.

तर विचारतो. फुलं कधी तोडायची आणि किती घालायची, एवढं कळव. बाहेरच्या फळ्यावर तुझं नाव लिहीन. टाकीचं ते प्रकरण मी विसरलोय, तूही विसरून जा. बिअर अशी होईल की पुण्यामुंबईचे लोक जालन्याला येतील, लिहून ठेव.

जल्दी कळव. फुलं थांबत न्हाईत.

पारस


कुंभार पिंपळगाव,
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

संघपाल,

हे तुझ्या घरात बसून लिहितोय. मावशी समोर सुपात तूर पाखडत बसलीय. तिनं सांगितलंय की पत्र पुरं झाल्याशिवाय उठायचं न्हाई.

आधीच्या पत्रात मी बरंच खोटं लिहिलं. पहिलं खोटं म्हणजे, मी सहज आलो नव्हतो. रिकामा टेम्पो घेऊन आल्तो. शेडनेटचे लोखंडी पाइप मी आणलेले, ते उपटून न्यायचे होते. वेली मेल्याच असतील असं समजून. मावशीनं टेम्पो बघितला, माझ्या हातातले नट खोलायचे पाने बघितले, आणि मला वेलींखाली नेऊन उभं केलं. पाने मी परत टेम्पोत टाकले. ते तुला लिहिलं नव्हतं.

तुझं उत्तर आलं न्हाई म्हणून आज सकाळी पुन्हा आलो, तिला गळ घालायला. ती म्हणाली, "आजून चार-सहा दिवस लागतेल. आधी निस्ता गवताचा वास येत व्हता. आता बदलाय लागलाय. तुला येतोय का?"

"येतोय की," मी म्हटलं.

ती घरात गेली आणि मूठ बंद करून बाहेर आली. "हे बघ, चुरगळून आणलंय. कशासारखा वास हाय सांग. संघपाल म्हणायचा, पारसचं नाक लई तेज."

तिनं मूठ उघडली न्हाई, अंगठा तेवढा सैल केला. मी वाकलो, डोळे मिटले, लांब श्वास घेतला. हे सोंग मला आता चांगलं जमतं. म्हटलं, "मोसंबीची साल. मागून जरासा गवती चहा. वा, मावशी!"

तिनं मूठ माझ्या नाकापुढनं मागं घेतली. मंग म्हणाली, "लसूण हाय लेकरा. आत्ता ठेचलेला. तुमच्या घरात उंबऱ्याच्या आत येत न्हाई तो."

मूठ उघडली तर खरंच लसूण. मी जैनाचा पोरगा, त्या वासानं लहानपणी चार हात लांब पळायचो.

"कवापासून?" तिनं विचारलं.

"तेवीसच्या जूनपासून. तो ताप आल्ता तेव्हा."

"आन् पुण्याचा बिअरचा मेळावा? माझ्या डोळ्याचं आपरेशन झालं तवाचा?"

"ऑगस्टमध्ये."

ती उठली. रांजणातलं पाणी घेऊन हात धुतला, पदराला पुसला. कपाटातून तुझी जुनी वही काढून मागची कोरी पानं फाडली आणि माझ्यापुढं ठेवली. "लिही," म्हणाली.

तर ऐक. ताप उतरला तेव्हा तोंडाला चव नव्हती. मला वाटलं येईल आठ दिवसांत. न्हाई आली. खारट, गोड, कडू एवढं जिभेला कळतं, बाकी सगळं कोरं. डॉक्टर म्हणाला, आला वास तर वर्षात येईल, न्हाईतर न्हाई. मी कुणाला सांगितलं न्हाई. बायको असून नेहललाही न्हाई. सोनाराला दिसत न्हाई असं कळल्यावर त्याच्याकडं सोनं कोण घेऊन जाईल? मी तुझ्यापुढं ग्लास धरायचो, तू काय म्हणतोस ते ऐकायचो आणि तेच जरा फिरवून बोलायचो. तू खूश व्हायचास की आपलं दोघांचं किती जुळतं.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी तू मावशीला घेऊन संभाजीनगरच्या दवाखान्यात गेलास. जाताना म्हणालास, "पारस, निघायच्या आधी टाकी उघडून वास घे. थोडीबी शंका आली तर नेऊ नको." मी टाकी उघडली. रंग सुंदर, फेस दाट. वास घेतला. काहीच आलं न्हाई. काहीच येत न्हाई म्हणजे वाईट काही न्हाई, असं मी स्वतःला सांगितलं. नेहल दहा पावलांवर उभी होती. तिला नुसतं "जरा बघ गं" म्हटलं असतं तर पुरे होतं. पण मंग तिनं विचारलं असतं, तुझ्या नाकाला काय झालंय?

पुढचं तुला माहीत आहे. पुण्यात पहिल्याच घोटाला लोकांनी ग्लास खाली ठेवले. नासलेल्या ताकाचा वास येतोय म्हणाले. तू दुपारी दवाखान्यातून थेट तिथं आल्तास, अंगातला शर्टही कालचाच. आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "टाकी ह्यानं धुतली होती. नीट धुतली न्हाई."

मागून प्रितम, तो पुण्याचा ब्रुअरीवाला, हसत म्हणाला, "धुण्याचं काम तरी जमायला पाहिजे होतं ह्यांना."

तू माझ्याकडं बघितलंस. "ह्यांना" म्हणजे कोणाला, ते तुला कळलं, मलाही कळलं. मी गप बसलो. पंधरा वर्षांची दोस्ती, एका ताटात जेवलो, आणि मी गप बसलो. कारण तू बोलायला लागला असतास तर टाकी पास करताना वास कोणी घेतला, हा प्रश्न आला असता.

आणखी एक आहे. हे मी मावशीलाही आत्ताच सांगितलं. टाकी स्वच्छ होती. खालच्या नळाच्या रबराला बारीक चीर गेल्ती, घाण तिथून आत गेली. मेळाव्यानंतर आठवड्याच्या आत मला ते सापडलं. मी रबर बदललं. तुला फोन केला न्हाई.

गव्हाची तीच बिअर दीड वर्ष काढतोय ती लोक मागतात म्हणून न्हाई. दुसरी काढली तर चाखणार कोण, म्हणून. नेहलला पुढं स्वयंपाकघरात कळलं, माझ्यासमोर दूध करपलं तेव्हा. तेव्हापासून टाक्यांचा वास तीच घेते.

मावशीनं विचारलं, "झालं का लिहून? वाच." मी वाचून दाखवलं. "ह्यांना" ह्या शब्दाशी तिचं सूप थांबलं. मंग म्हणाली, "पुढं वाच."

तिची अट अशी: त्या दिवशी ज्या लोकांपुढं बोललो, त्याच लोकांना बोलावून उलटं बोलायचं. ते कबूल असंल आणि तुझी हरकत नसंल, तरच फूल मिळंल. मी कबूल केलंय. धंद्याचं काय व्हायचं ते होवो. एक सांगतो, बिअर चांगलीच होणार ह्याबद्दल मला अजूनही शंका न्हाई. नाक गेलंय, हात शाबूत आहेत, आणि पीक तुझं आहे.

माफी मागतो असं लिहीत होतो. मावशी म्हणाली, ते खोड. आधी करून दाखव.

पारस


जालना,
शुक्रवार, २४ जानेवारी २०२५

संघपाल, जय भीम.

तू मला फोन केला न्हाईस, मावशीला केलास. ठीकच केलंस. तुझं सगळं बोलणं तिनं कॅलेंडरच्या डिसेंबरच्या पानामागं उतरवून ठेवलं होतं. "फूल चोळल्यावर आत पिवळी पूड दिसली पायजे. दाबल्यावर कागदावानी वाजलं पायजे. गवताचा वास नको. अठरा किलो. थोडं उकळताना, बाकी समदं आच बंद केल्यावर. पारसनं जादा शहाणपणा करू न्हाई." शेवटचं वाक्य तुझं की तिचं, हे मी विचारलं न्हाई.

काल पहाटे तोडणी केली. दिवस मावशीनं ठरवला. तीन दिवस रोज सकाळी ती एकेक फूल चोळून हुंगायची आणि मला फोनवर म्हणायची, "न्हाई आजून." बुधवारी म्हणाली, "उद्या ये."

आठ बाया होत्या. सगळ्या सरकी-बियाण्याच्या प्लॉटवर काम केलेल्या, त्यामुळं बोटं अशी चालतात की बघत राहावं. अर्ध्या तासानं झुंबरबाईनं विचारलं, "ह्याची भाजी करत्यात का औषध?"

मावशीनं सरळ सांगितलं, "बिअर करत्यात."

"आगं बया! म्हंजी दारूच की!"

सगळ्यांचे हात थांबले. दर रविवारी विहारात वंदना सांगणारी बाई, आणि हे. मी काही बोलणार होतो, मावशीनं मला हातानं थांबवलं.

"मी पंचशील घेतलेली बाई हाय. पीत न्हाई, पिणार न्हाई. माझं मन ह्याच्यात आर्धंच हाय, खोटं कशाला बोलू? पण हे पीक माझ्या पोरानं लावलंय आन् त्याच्यावर त्याचं नाव बद्दू झालंय. ते मला धुवून काढायचंय. ज्येला पटत न्हाई तिनं खुशाल घरी जावं, रोज बुडणार न्हाई."

झुंबरबाई उठली. तिचा नवरा दारूनंच गेला, हे मला नंतर कळलं. तिनं ओटीतली फुलं क्रेटमध्ये ओतली, हात झटकले आणि बांधावरून निघून गेली. मावशीनं तिला अडवलं न्हाई. बाकीच्या सात जणी राहिल्या.

साडेअकराला अठरा किलो भरले. क्रेट पिकअपमध्ये ठेवून निघालो. मावशी म्हणाली, "मी येते." मला वाटलं पुढं बसंल. ती मागं चढली, क्रेटच्या मधोमध, पदर कमरेला खोचून. तीर्थपुरीच्या अलीकडं उसाची ट्रॉली उलटलेली. दोन्हीकडून ट्रॅक्टर, बैलगाड्या, सगळं तुंबलेलं. अर्धा तास जागेवर. मी उतरून मागं गेलो तर क्रेटमधल्या फुलांच्या पोटात हात घातल्यावर चटका लागावा एवढी ऊब. ढीग घातला की ओली फुलं तापतात, तू सांगितलं होतंस. मावशी दोन्ही हातांनी ती खालीवर करून राह्यली होती, तिच्या कोपरापर्यंत पिवळी पूड.

"आसं बसून ऱ्हायलं तर काढा व्हईल ह्याचा," ती म्हणाली. "त्या बाभळीपाशी शिवरस्ता हाय. गाडी घाल."

"मावशी, गाडी जाईल का त्यातून?"

"बैलगाडी जाती तर ही जाईना व्हय?"

गेली. दोनदा चाक रुतलं, एकदा आरसा तुटला, आणि अंबडच्या अलीकडं डांबरी रस्त्याला लागलो. ब्रुअरीत पोचलो तेव्हा दोन वाजून चाळीस मिनिटं. नेहलनं सकाळीच माल्ट भिजवून रस तयार ठेवला होता, केटल उकळत होती.

मावशी पहिल्यांदाच आली ब्रुअरीत. फुलं उतरवायच्या आधी तिनं सगळीकडं बघितलं आणि विचारलं, "ती टाकी कोणती?"

मी दाखवली. ती जवळ गेली. स्टीलवर हात फिरवला, वाकून खालचा नळ बघितला, रबर बोटानं चाचपलं. "ह्याच्यात डोकं घालून कोण घासतंय?"

"तेव्हा संघपाल. आता मी."

"रोज?"

"रोज, मावशी."

तिनं मान हलवली आणि पहिलं क्रेट स्वतः उचललं.

आच बंद केली आणि फुलं ओतली. वाफेचा लोट वर आला. नेहल "बाई गं!" म्हणून एक पाऊल मागं सरली. मावशी जागेवरच डोळे मिटून उभी राहिली. मला वाफ लागली, गरम, ओली, एवढंच. मी त्या दोघींच्या चेहऱ्यांकडं बघत होतो. माझ्या वाट्याला तेवढं आलं आणि काल मला ते पुरलं.

पारस


जालना,
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

संघपाल,

काल झालं.

पुण्याच्या मेळाव्यात होते त्यातले जेवढे सापडले, त्या सगळ्यांना बोलावलं होतं. एक्केचाळीस आले. प्रितमही आल्ता. आपले इथले नेहमीचे लोक वेगळे. दुपारी चारची वेळ. नवीन बिअरचा नळ मी बंद ठेवला होता. मावशी आली न्हाई. फोनवर म्हणाली, "तिथं माझं काय काम? तू बोल."

मी खुर्चीवर चढलो न्हाई की माइक घेतला न्हाई. काउंटरला टेकून उभा राहिलो आणि सांगितलं. नाक गेल्याचं सांगितलं. टाकी पास करताना माझ्याच हातात ग्लास होता, हे सांगितलं. रबराचं सांगितलं. मंग म्हटलं, "संघपाल खरातनं धुतलेली टाकी स्वच्छ होती. मी तुमच्यासमोर खोटं बोललो आणि त्याला जे ऐकावं लागलं ते मी ऐकून घेतलं. ते ऐकून घेणं खोटं बोलण्यापेक्षा वाईट होतं."

प्रितम म्हणाला, "अरे पारस, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. गंमत होती ती."

"गंमत न्हाई होती, प्रितम. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. त्या दिवशी मी बोललो न्हाई. आज बोलतो. तू त्याला तसं म्हणायला नको होतं."

तो गाडीची किल्ली उचलून गेला. त्याच्यामागं आणखी दोघं. जाऊ दे.

आपलं रोजचं गिऱ्हाईक, बँकेतली अर्पिता, तिनं मागून विचारलं, "मग आज जी पाजणार आहात ती पास कोणी केली?"

मी नेहलकडं बघितलं. नेहल म्हणाली, "वास मी घेतलाय. मी पीत न्हाई, त्यामुळं खराब न्हाई एवढंच सांगू शकते. चांगली आहे का, ते तुम्ही सांगा."

नळ उघडला. लोक एक घोट घेत होते आणि ग्लासात बघत होते. मंग कुणीतरी दुसरा ग्लास मागितला आणि एकदम गलका झाला. कुणी म्हणे लिंबू, कुणी म्हणे देवदार, एक जण म्हणे आंबा. तिघं-चौघं भांडायला लागले. मी सगळ्यांना हो म्हणत होतो. मी स्वतः प्यालो तेव्हा थंड लागली, जिभेला टोचली, मागून कडू आली. त्याच्यापुढं भिंत.

लोकांनी तारीफ केली, ती मी घेतली. पण ती खरी की जालन्याच्या लोकांची सभ्यता, हे मला कळायला मार्ग न्हाई. ह्या बिअरबद्दल एका माणसाचं मत मला पाहिजे, आणि त्याला मागायचा हक्क मी घालवलाय. म्हणून मागत न्हाई. फक्त कळवतो की अजून साठेक लिटर शिल्लक आहे. ओल्या फुलांचा वास आधी उडतो, हे तुला सांगायला नको. फार तर दोन आठवडे.

फळ्यावर लिहिलंय: कृती, संघपाल भिवा खरात. हॉप्स, बेबीनंदा खरात, कुंभार पिंपळगाव. माझं नाव घातलेलं न्हाई.

मी चवीचं काम सोडलं. चाखायला माणूस ठेवणार, उघडपणे ठेवणार. आज सकाळी उठलो तर डोकं हलकं होतं. धंदा चालंल. मला तसं वाटतं, आणि ह्या वेळी मी ते फुशारकीनं लिहीत न्हाई.

४ मार्चला पिंपळगावला जातोय. मावशीला वेली जमिनीलगत छाटायच्यात, एकटीनं होणार न्हाई म्हणाली.

पारस


जालना,
मंगळवार, ४ मार्च २०२५

पारस,

आईला भेटायला दोन दिवस आलो होतो. तू आज छाटणीला येणार हे तिनं सांगितलं, म्हणून तू पोचायच्या आधीच मी निघालो आणि इथं ब्रुअरीत आलो. गाडीला तीन तास आहेत. स्पष्ट लिहितो, तू इथं असतास तर मी आत आलो नसतो.

नेहल भाभीनं काही विचारलं नाही. ग्लास ठेवला आणि आत गेली. त्याबद्दल तिचे आभार मान.

तुझी पत्रं मिळाली. दुसरं पत्र मी लॅबच्या जिन्यात बसून वाचलं. पुण्यातलं सगळं मला माहीत होतं, फक्त कारण माहीत नव्हतं. आणि रबराचं माहीत नव्हतं. आठवड्यात तुला कळलं होतं, आणि मी दीड वर्ष प्रत्येक भांडं दोनदा धूत होतो. गोव्यातसुद्धा. लॅबमधल्या पोरी हसायच्या. मला माझ्याच हातांचा भरवसा राहिला नव्हता. तो तू घेतला होतास, आणि तो तुझ्याकडं पडून होता. ह्याचा राग अजून आहे. किती दिवस राहील, मला सांगता येत नाही.

पण बिअर समोर आहे आणि तुला तिचा वास येत नाही. तेव्हा तो मी सांगतो. नीट वाच, घाई करू नको.

ग्लास नाकाजवळ नेला की पहिल्यांदा हरभऱ्याचं रान येतं. सकाळचं, दहिवर पडलेलं. त्यातून चालल्यावर पायाला जी आंबट ओल, आंब, चिकटते, ती. वाळलेल्या हॉप्समध्ये हे कधीच येत नाही, हे फक्त ओल्या फुलाचं. लोक लिंबू म्हणाले असतील तर ते ह्यालाच. देवदार-बिवदार काही नाही, आपल्यापैकी कुणी देवदार हुंगलाय? त्याच्यामागं पेरू आहे. पिकलेला नाही, पिकायला आलेला, देठाशी अजून हिरवा. घोट घेतल्यावर माल्ट येतो, भाजलेल्या ज्वारीच्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा. तो जरा कमी पडलाय. पुढच्या वेळी दाणा वाढव, फुलांनी त्याला दाबलंय. मग कडवटपणा. तो तुला कळतो, पण कसा ते सांगतो: कार्ल्याचा नाही, कोवळ्या मेथीचा. येतो, थांबतो आणि स्वतःहून निघून जातो. आणि गिळल्यावर एक श्वास सोडला की नाकातून एक गोष्ट परत येते. तिला मला नाव सापडेना, म्हणून दुसरा ग्लास घेतला. पाऊस नसताना, नुसत्या पाटाच्या पाण्यानं भिजलेल्या काळ्या रानाचा वास आहे तो. लाहौलच्या फुलात तो नव्हता. हा आपल्या मातीनं घातलाय.

लोक सभ्यपणानं बोलले नाहीत. खरं बोलले. बिअर पास आहे.

फळ्यावर माझं नाव वर आणि आईचं खाली होतं. मी पुसून उलटं लिहिलंय. तसंच राहू दे.

भागीदारीत मी परत येणार नाही. गोव्याचं काम मला आवडतं, आणि परवापासून तिथं भांडी एकदाच धुणार आहे. वेली आईच्या आहेत. फुलं कोणाला द्यायची ते ती ठरवेल, मी मध्ये पडणार नाही. झुंबरबाईकडं काल मी जाऊन आलो. ती पुढच्या वर्षीही येणार नाही म्हणाली. तिच्या घरचं ऐकल्यावर मला तिचं म्हणणं चुकीचं वाटलं नाही, आणि माझं कामही चुकीचं वाटलं नाही. दोन्ही घेऊन परत आलो.

जानेवारीत तोडणीला मी रजा टाकून येणार आहे. तू पण असशील. तोवर तुझ्याशी बोलायला जमेल असं आज, दोन ग्लास पोटात असताना, वाटतंय.

नाही जमलं, तर नुसती फुलं तोडू.

संघपाल